जिन्यावरचे गाणे

आर्डिस हल्ली बोलण्याआधी आवंढा गिळायची, आणि तेवढ्यानेच हेस्टरच्या जिवाला घोर लागायचा. पूर्वी असे नव्हते. फोन उचलला की मुलीचे बोलणे नळ सोडल्यासारखे सुरू व्हायचे. आता "आई" म्हणण्याआधी तारेवर एक बारीकशी पोकळी यायची. फोन ठेवल्यावर भांडी घासताना, चर्चमध्ये, रात्री कूस बदलताना हेस्टरला ती पोकळीच ऐकू यायची. चर्चमधल्या बायका तिला हसत. कॉफीच्या वेळी एकजण म्हणालीही, की हेस्टर, तुझी लेक काही पाळण्यात नाही, बत्तीस वर्षांची घटस्फोट झालेली बाई आहे, सोड तिला आता. हेस्टरही त्यांच्याबरोबर हसली. त्यांना काय सांगणार? आर्डिसला स्वतःच्या गळ्याबद्दल जे ठाऊक नव्हते, ते हेस्टर सहा महिने पोटात घेऊन हिंडत होती.

गेल्या नोव्हेंबरात आर्डिसच्या स्वरतंतूंवरच्या गाठी काढल्या. नंतर पंधरा दिवस तिला एक अक्षरही बोलायची बंदी होती. ती पाटीवर लिहायची: 'सूप गार आहे', 'रात्रीची नर्स घोरते'. चौथ्या दिवशी डॉक्टरने हेस्टरला खोलीबाहेर बोलावले. वाईट बातमी घरच्यांना सांगायची, रोग्याला नाही, ही तिथल्या डॉक्टरांची रीतच होती. रोग्याला काय सांगायचे, किती आणि कधी, ते घरच्यांनी ठरवायचे. हातातल्या कागदावरची नजर न काढता तो म्हणाला, "बोलण्यापुरता आवाज राहील. गाण्याचं विसरा. आणि जोर लावून गायलीच, तर बोलण्याचाही भरवसा मी देत नाही."

हेस्टर आत आली तेव्हा पाटीवर लिहिलेले होते: 'काय म्हणाला?'

"विश्रांती घे म्हणाला," हेस्टर म्हणाली. "भरपूर."

आर्डिसने मान डोलावली. दोन दिवसांनी खरे सांगू, असे हेस्टरने ठरवले होते. मग घरी गेल्यावर. मग नाताळ झाल्यावर.

आर्डिसने मात्र सल्ला अक्षरशः पाळला. लहानपणी हिला पाच मिनिटे गप्प बसवायचे तर हातात खाऊ द्यावा लागे, आणि आता सहा महिन्यांत ती साधे गुणगुणलीही नव्हती. हॉलिवूडमधल्या एका मोठ्या दुकानात ती हातमोजे विकायची. गिऱ्हाइकांशी इतक्या हळू बोलायची, की त्यांना तो खानदानी रिवाज वाटे. बसस्टॉपवर धूळ उडाली की तोंडाला रुमाल. सिगारेट सोडली, थंड पाणी सोडले. मुलगी आवाज साठवत होती, आणि साठवायला आत काही उरलेच नाही हे फक्त तिच्या आईला ठाऊक होते.

मे महिन्यात एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे बोलावणे आले. शनिवारी संध्याकाळी तो थेट दाखवत. युद्धाच्या काळात गाजलेल्या गायिका पुन्हा एकदा लोकांसमोर आणायच्या, असे कुणाच्या तरी डोक्यात आले होते. लॉर्ना वेलने तिचे जिन्यावरचे गाणे म्हणावे. गुरुवारी बारा वाजता वाद्यवृंदाबरोबर तालीम, शनिवारी प्रत्यक्ष कार्यक्रम. लॉर्ना वेल म्हणजेच आर्डिस. ती "हो" म्हणून मोकळी झाली होती.

हे नाव स्टुडिओने दिलेले. मूळची ती आर्डिस थॉरसन, नेब्रास्काची. छत्तीस साली धुळीच्या वादळांना कंटाळून थॉरसन मंडळी हॉलिवूडजवळच्या ग्लेंडेलला आली तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाप वॉल्टर विमानाच्या कारखान्यात लागला. हेस्टरने संगीत घेऊन कॉलेज केले होते, ती चर्चच्या गायनवृंदाला शिकवू लागली. तिचा स्वतःचा आवाज बेताचा, पण कान तिखट. चाळीस माणसे गात असताना तिसऱ्या ओळीतला कोण बेसूर आहे ते ती मान न वळवता सांगायची. आपल्या गळ्यात जे नाही ते मुलीच्या गळ्यात आहे, हे तिला आर्डिस सहा वर्षांची असतानाच कळले होते. त्या दिवसापासून तिने त्या गळ्याला मोकळे म्हणून सोडले नाही.

सतराव्या वर्षी आर्डिसने रेडिओवरची स्पर्धा जिंकली. स्टुडिओचा माणूस घरी आला, हेस्टरच्या हातच्या ॲपल-पायचे दोन तुकडे खाल्ले आणि करार टेबलावर ठेवून गेला. अल्पवयीन मुलीचा करार, म्हणून त्यावर न्यायाधीशाची सही लागायची. न्यायाधीशाने आर्डिसला विचारले, तुझ्या मनात आहे ना हे? आर्डिसने आधी आईकडे पाहिले आणि मग हो म्हटले. पुढे तिचे दात सारखे केले, कपाळावरचे केस मागे हटवले. थॉरसन हे नाव खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानाचे वाटते, असे जाहिरातवाल्याचे मत पडले, म्हणून ती लॉर्ना वेल झाली. थिएटरच्या पाटीवर पहिल्यांदा ते नाव पाहिले तेव्हा वॉल्टर म्हणाला, "चांगलं नाव आहे. कोण आहे ही?" मरेपर्यंत त्याने हा विनोद सोडला नाही. ऐकणाऱ्यांपैकी फक्त आर्डिस दरवेळी हसायची.

सिनेमातल्या गाण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. आधी शांत खोलीत गाणे तबकडीवर घ्यायचे. चित्रणाच्या वेळी ती तबकडी कर्ण्यातून मोठ्याने लावायची, आणि नटीने तिच्याबरोबर ओठ हलवायचे. नटी तिथे गायली काय, मुकी राहिली काय, पडद्यावर ऐकू येते ती तबकडी. पहिल्या चित्रपटाच्या वेळी आर्डिसला ते काही जमेना. दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला, की बरणीतला मासा तोंड उघडतो-मिटतो तशी दिसते ही. ती रडत घरी आली. हेस्टरने तिला आरशासमोर उभे केले.

"ओठ हलवूच नकोस," ती म्हणाली. "गा. पूर्ण आवाजात गा. छाती भरलेली दिसली पाहिजे, गळ्याची शीर दिसली पाहिजे. लबाडी कॅमेऱ्याला कळते."

दुसऱ्या दिवशी आर्डिस तशी गायली आणि सेटवर सगळे गप्प झाले. तेव्हापासून तीच तिची ख्याती. बाकीच्या मुली तोंडातल्या तोंडात पुटपुटत. स्टुडिओ त्यांना सांगे, लॉर्नाकडे बघा, ती खरी गाते. अकरा चित्रपट झाले, त्यांतल्या सात चित्रपटांत तिची गाणी. एक तबकडी अशी खपली, की ज्या खानावळीत जावे तिथल्या यंत्रात नाणे टाकून कुणीतरी तीच लावलेली असे. पॅसिफिकमधल्या बोटींवरून सैनिकांची पत्रे पोत्याने येत. हेस्टर रोज सेटवर जायची. कापडी पाठीची एक खुर्ची तिच्यासाठी म्हणून ठेवलेली असे. मुलगी अठराची झाल्यावर कायद्याने आईची गरज उरली नव्हती, तरी खुर्ची तिथेच राहिली आणि हेस्टरही.

सत्तेचाळीस साली ते जिन्यावरचे गाणे आले. बेचाळीस पायऱ्यांचा पांढरा जिना. आर्डिसने वरून गात उतरायचे, दोन्ही बाजूंना नर्तक, आणि शेवटच्या पायरीवर एक उंच स्वर लांबवायचा. तबकडीवर ते गाणे एका सकाळीत झाले. चित्रण पाच दिवस चालले. कधी नर्तक घसरायचा, कधी झग्याचा घोळ पायरीत अडकायचा, कधी नुसताच दिवा जळून जायचा. मग पुन्हा वर, पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि दरवेळी आर्डिस पूर्ण आवाजात गायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तबकडी लावणाऱ्या मायलो ब्रँटचा हात चुकला आणि सुई मध्येच उचलली गेली. कर्णा बंद पडला. आर्डिसच्या ते लगेच ध्यानात आले नाही, ती तशीच गात राहिली. दीड शब्द, फार तर दोन. त्या प्रचंड शेडमध्ये तो आवाज जाड कापड फाडल्यासारखा उमटला. लोक हसले. आर्डिसही गळ्याला हात लावून हसली. पाच मिनिटांची सुट्टी मिळाली.

मायलो कॉफीचा कप घेऊन हेस्टरच्या खुर्चीपाशी आला. एरवी तो अबोल माणूस होता.

"बाई, पोरीला सांगा, नुसते ओठ हलव म्हणावं. तिचा आवाज माझ्याकडे खोक्यात आहे, तो कुठे पळत नाही. हा दुसरा कुणासाठी जाळतेय ती? इथं कुणी ऐकत नाहीये."

"मिस्टर ब्रँट, तुम्ही तुमच्या सुया सांभाळा," हेस्टर म्हणाली. "गाण्याचं मी बघते."

"बघा. माझं काय, मला रोज नवी सुई मिळते."

तो गेला. हेस्टरने थर्मासमधले गरम पाणी काढले, त्यात मध आणि लिंबू घातले आणि आर्डिसला प्यायला दिले. अजून दोन दिवस, तिने मनाशी म्हटले. दोनच दिवस. त्या दोन दिवसांत आर्डिस आणखी कितीदा तो जिना उतरली, ते कुणीच मोजले नाही. पडद्यावर गाणे अप्रतिम दिसले. शेवटच्या स्वराला गळ्याची शीर तट्ट फुगलेली दिसते, आणि वर्तमानपत्रांनी तिचेच कौतुक केले.

पुढच्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला वरचे स्वर लागेनात. पट्टी उतरवली. त्यानंतरच्या चित्रपटात ती उतरवलेली पट्टीही पेलेना, तेव्हा स्टुडिओने गुपचूप दुसऱ्या एका मुलीचा आवाज घेतला आणि आर्डिसला त्यावर ओठ हलवायला लावले. ही गोष्ट फुटली. उखाळ्यापाखाळ्या छापणाऱ्या एका सदरात दोन ओळी आल्या, की लॉर्ना वेलचा आवाज उसना आहे. कुठल्या चित्रपटातला, ते लिहिलेच नव्हते. वाचणाऱ्यांनी सगळ्याच चित्रपटांतला, असे धरले. ज्या मुलीने प्रत्येक गाणे दोनदा गायले, एकदा तबकडीसाठी आणि एकदा कॅमेऱ्यासाठी, ती कधी गायलीच नव्हती असे ठरले. करार दर सहा महिन्यांनी पुढे चालवायचा की नाही हे स्टुडिओच्या हातात असे. पन्नास सालच्या वसंतात तो पुढे चालला नाही. तसे चार ओळींचे पत्र आले.

मग रीनो गावातले धुराने भरलेले क्लब झाले. एका ट्रंपेटवाल्याशी लग्न झाले, ते अडीच वर्षांत संपले. वॉल्टर गेला. नंतर जत्रा आणि नव्या दुकानांची उद्घाटने. तिथे एखाद्या ट्रकवर उभे राहून स्वतःच्याच जुन्या तबकडीवर ओठ हलवायचे. पण नुसते ओठ हलवणे आर्डिसला येतच नव्हते. ती तिथेही गायची. हेस्टर एकदा ट्रकच्या अगदी जवळ उभी होती. कर्ण्यातून बावीस वर्षांच्या मुलीचा आवाज येत होता, आणि त्याच्या खालून दुसरा एक, घासलेला. लोक टाळ्या वाजवत होते. हेस्टरने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतले.

तालमीच्या आधीच्या रविवारी आर्डिस हिरवा रेशमी झगा घेऊन ग्लेंडेलला आली. कमरेत तो सैल होत होता, गेल्या वर्षात ती बरीच उतरली होती. जेवायला हॅम आणि दुधातले बटाटे होते. आर्डिस पोटभर जेवली. दुकानातल्या गमती सांगितल्या. एक बाई रोज येते, तिला बसतील एवढे लहान हातमोजे कुठल्याच कारखान्यात होत नाहीत, आणि तरी ती आपला हात लहान म्हणून आम्हालाच दोष देते. जेवण झाल्यावर ती स्टुलावर उभी राहिली आणि हेस्टर झग्याला टाचण्या लावू लागली.

"एखादी ओळ म्हणून बघ ना," हेस्टर म्हणाली. गायली तर हिचे हिलाच कळेल, आपल्याला सांगावे लागणार नाही, असा तो भेकड विचार होता.

"छे. गुरुवारी, सगळ्या वाद्यांसमोर. सहा महिने जपलंय, ते तुझ्या स्वयंपाकघरात उधळू होय?"

हेस्टरने आणखी दोन टाचण्या ओठांत धरल्या.

"आई, यातून पुढे काही मिळेल असं मला वाटत नाही हं. शनिवारी गाईन, सोमवारी परत हातमोजे. पण तिथं तबकडी नाही, काही नाही. मी उभी आणि समोर माइक. त्या लोकांना एकदा कळू दे ती मीच होते. मग नाही गायले जन्मभर तरी चालेल." ती थांबली. "तू का गप्प?"

"तोंडात टाचण्या आहेत," हेस्टर म्हणाली. खरोखरच होत्या.

मंगळवारी हेस्टर बसने बर्बँकला गेली. मायलो ब्रँटने स्टुडिओ सोडून घराच्या गॅरेजमध्ये रेडिओ दुरुस्तीचे काम सुरू केले होते. त्याने तिला लगेच ओळखले, खुर्चीवरचा पसारा काढून बसायला जागा केली आणि आतून लेमोनेड आणले. तिने त्याला सगळे सांगितले, डॉक्टरने सांगितलेलेही. मग विचारले, की कार्यक्रमात गुपचूप तबकडी लावता येणार नाही का? आर्डिसने उभे राहायचे आणि आवाज जुनाच सोडायचा.

येईल की, मायलो म्हणाला. तिथल्या ध्वनीवाल्याला तो ओळखत होता. जिन्यावरच्या गाण्याची एक प्रत अजून त्याच्याकडेच होती, ओरखडाही नसलेली. क्षणभर हेस्टरला वाटले, सुटले.

"पण तिचं तोंड कोण बंद करणार?" मायलो म्हणाला. हातातला स्क्रू त्याने खाली ठेवला. "तबकडी लावली तरी ती खालून गाणारच. जिवाच्या आकांतानं गाणार, टीव्ही आहे म्हणून. तिला दुसरं येतच नाही, बाई. तुम्हीच शिकवलंत."

तो टोचून बोलत नव्हता. घड्याळ का चालत नाही ते गिऱ्हाइकाला सांगावे, तसे सांगत होता.

"त्या दिवशी सुई उचलली गेली," हेस्टर म्हणाली, "तेव्हा मी ऐकलं होतं."

"ठाऊक आहे. तुम्ही मान वळवलीत."

रस्त्यावरून एक आइस्क्रीमची गाडी वाजत गेली.

"पोरीला सांगितलंत?" मायलोने विचारले.

"नाही."

"कुठलं नाही? डॉक्टरचं की जिन्याचं?"

"दोन्ही."

त्याने पुन्हा रेडिओत डोके घातले. निघताना तिने तबकडीची प्रत मागितली नाही, आणि त्यानेही देऊ केली नाही.

बुधवार तिने घर झाडण्यात घालवला. कार्यक्रमवाल्यांचा फोन नंबर तिने मिळवून ठेवला होता. त्यांना कळवायचे, की लॉर्ना वेल आजारी आहे, दुसरी कुणी बघा. ते बघतील, अशा बायका या गावात गल्लोगल्ली आहेत. आर्डिसला वाटेल, त्यांनी पुन्हा एकदा आपल्याला वगळले. ती चार दिवस रडेल, आणि मग पुन्हा आवाज साठवायला लागेल. रुमाल, कोमट पाणी, बसस्टॉपवरचे ते मुके उभे राहणे. कुणीतरी पुन्हा बोलावील म्हणून वाट पाहील. पस्तिशी, चाळिशी. आणि दर रविवारी आईकडे जेवायला येत राहील.

हा शेवटचा विचार मनात आला आणि हेस्टर केरसुणी टेकवून खुर्चीत बसली. आपण कुणासाठी गप्प आहोत, ते तिला नीट दिसले. मुलीला धक्का बसेल म्हणून ती गप्प नव्हती. डॉक्टरचे सांगितले की आर्डिस पुढचा प्रश्न विचारणार होती: गाठी कशाने आल्या? आर्डिस प्रश्न विचारणारी होती, लहानपणापासून. आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्या कापडी खुर्चीत बसलेले होते.

गुरुवारी सकाळी तिने कॉफी केली, ती तशीच राहिली. आर्डिसने दुकानातून सुट्टी घेतली होती, अकरापर्यंत ती घरी असणार होती. मनातल्या मनात हेस्टरने सुरुवात करून पाहिली. डॉक्टरपासून सुरू केले तर ती सगळा दोष नशिबाला देऊन मोकळी होईल, आणि आपणही मोकळ्या होऊ. म्हणून जिन्यापासूनच सुरू करायला हवे. सुई उचलली गेली तेव्हा मी ऐकले होते, आणि तरी तुला पुन्हा वर पाठवले. मग डॉक्टर. मग सहा महिने.

ते ऐकून आर्डिस काय करील, याचे तिने कितीतरी अंदाज बांधले. त्यांतला एकही बरा नव्हता. ती फोन आपटेल. किंवा काही न बोलता हिरवा झगा घालून तालमीला जाईल, चिडून पूर्ण आवाजात गाईल, आणि उरलेसुरले तिथेच संपवील. किंवा जाणार नाही, आणि त्या दोन छापील ओळी कायमच्या खऱ्या ठरतील. रविवारी ती येणार नाही, एवढे मात्र नक्की होते. कदाचित कुठल्याच रविवारी नाही.

दहा वाजून गेले होते. कार्यक्रमवाल्यांचा नंबर लिहिलेला कागद फोनशेजारी पडला होता. हेस्टरने तो चुरगाळून कॉफीच्या बशीत टाकला आणि आर्डिसचा नंबर फिरवण्यासाठी रिसीव्हर उचलला.